हलकं कशाला म्हणायचं? – टीव्हीची करमणूक आणि आपण

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)





यंदा कार्यकारिणीने आम्हाला विषय दिला तो टीव्हीचा. त्याला कारण आहे. वर्षावासात आपल्या विहारात रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. आषाढी पौर्णिमेला विहार भरलेला असतो. आश्विन पौर्णिमेलाही भरतो. मधल्या दिवसांत मात्र पंधरा-वीस माणसं उरतात आणि भिंतीपलीकडून मालिकेचं गाणं वाचनापेक्षा मोठ्यानं ऐकू येतं. म्हणून काही कार्यकर्त्यांनी सूचना आणली आहे, की संध्याकाळी सात ते नऊ वस्तीतले सगळे टीव्ही बंद ठेवण्याचा ठराव करावा आणि जो पाळणार नाही त्याला दंड लावावा. त्यांचे म्हणणे असे, की टीव्हीवरची करमणूक हलकी आहे, ती समाजाला बिघडवते. दुसरी बाजू म्हणते, करमणूक ती करमणूक, तिच्यावर टीका कसली करता? दिवसभर राबलेल्या माणसानं दोन घटका हसायचं पण नाही का?

ठराव करायचा की नाही ते आपण सर्वांनी ठरवायचे आहे. पण त्याआधी ‘हलकं’ या शब्दाकडे जरा नीट बघू, एवढीच आमची विनंती आहे.

बंधूंनो आणि भगिनींनो, हा शब्द आपल्याला नवा नाही. तो आपल्यालाच लावलेला होता. आपली वस्ती हलकी, आपलं काम हलकं, आपली बोली हलकी आणि आपली करमणूकही हलकी. तमाशा कुणी जगवला? महार, मांग, कोल्हाटी या समाजांतल्या कलावंतांनी. ढोलकी आपल्या हातात, घुंगरू आपल्या बायांच्या पायात, आणि समोर फेटे उडवणारे मात्र गावातले मोठे लोक. रात्री बघायचं आणि सकाळी नाक मुरडायचं! स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने अश्लीलतेचं कारण सांगून तमाशावर बंदी घातली होती. तेव्हा गिरणगावातल्या शाहिरांनी, आपल्या अण्णाभाऊ साठ्यांनी, त्याच तमाशाला लोकनाट्याचं रूप दिलं आणि त्यातून कामगाराचं दुःख बोलायला लावलं. म्हणून कुणी एखाद्या करमणुकीला नुसतं ‘हलकी’ म्हणून मोकळा होतो, तेव्हा आम्ही आधी विचारतो, की बाबा रे, हलकं म्हणजे काय? गरिबाला आवडतं म्हणून हलकं, की माणसाला खाली ओढतं म्हणून हलकं?

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्यांतला फरक बाबासाहेबांनी आपल्याला दाखवून दिलेला आहे. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात, १९२७ च्या सुमारास, शाहीर पठ्ठे बापूराव आपल्या तमाशाच्या खेळांचं उत्पन्न चळवळीला द्यायला पुढे आले. त्यांच्या फडात पवळा नाचत होती, ती आपल्याच समाजातली मुलगी. चळवळीला तेव्हा पैशाची किती नड होती ते सांगायला नको. पण बाबासाहेबांनी ते पैसे घेतले नाहीत. आपल्या समाजाच्या बाईला नाचवून मिळालेला पैसा त्यांना चालणारा नव्हता. त्याच बाबासाहेबांना जलसा मात्र हवा होता. १९३० नंतरच्या काळात नाशिककडच्या भीमराव कर्डकांनी आणि त्यांच्या साथीदारांनी आंबेडकरी जलसे उभे केले. बाज तमाशाचाच, ढोलकी तीच, सोंगाड्याचा हजरजबाबीपणाही तोच. पण विनोदाचा नेम कुणावर? तर सावकारावर, बडव्यावर, आणि मेलेलं ढोर ओढायला लावणाऱ्या गावगाड्यावर. लोक पोट धरून हसायचे आणि हसत हसत पोराला शाळेत घालायचे.

म्हणजे ढोलकी तीच असते, हसणंही तेच असतं. फरक पडतो तो माणसाचं काय होतं यानं. याच प्रश्नावर डॉ. शैलजा पाईक यांनी तमाशातल्या दलित स्त्रियांचा अभ्यास करून २०२२ मध्ये मोठा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. २०२४ मध्ये अमेरिकेची नामांकित मॅकआर्थर फेलोशिप त्यांना मिळाली. येरवड्याच्या वस्तीत वाढलेल्या आपल्या मुलीनं ‘अश्लील’ या शब्दामागची जात जगापुढे मांडली, ही गोष्ट आपल्या पोरींना मुद्दाम सांगावी.

आता तथागतांकडे येऊ. भगवंतांना नटांबद्दल कुणी विचारलं होतं का? विचारलं होतं. संयुक्त निकायात तालपुट नावाच्या नटप्रमुखाची हकीकत आहे. हा तालपुट राजगृहाच्या वेळुवनात तथागतांना भेटायला आला आणि म्हणाला, आमचे जुने आचार्य सांगत आले, की जो नट रंगमंचावर खऱ्याखोट्याने लोकांना हसवतो तो मेल्यावर हसऱ्या देवांच्या लोकात जातो. आपलं म्हणणं काय? तथागत म्हणाले, राहू दे, हे मला विचारू नकोस. त्यानं परत विचारलं, परत तेच उत्तर. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मात्र तथागतांनी स्पष्ट सांगितलं. लोक आधीच लोभ, द्वेष आणि मोह यांनी बांधलेले असतात, आणि नट त्यांच्यापुढे तेच वाढवणाऱ्या गोष्टी मांडतो. स्वतः धुंद होतो आणि दुसऱ्यांना धुंद करतो. असा माणूस सद्गतीला कसा जाईल? हे ऐकून तालपुट रडायला लागला. तथागत म्हणाले, म्हणूनच मी सांगत नव्हतो. त्यावर तो म्हणाला, तुम्ही बोललात म्हणून मी रडत नाही, माझ्या आचार्यांनी मला इतकी वर्षं फसवलं म्हणून रडतो. पुढे हा नट भिक्खू झाला. थेरगाथेत त्याच्या गाथा आहेत.

स्वर्ग-नरकाची भाषा आपण बाजूला ठेवू, तो त्या काळच्या बोलण्याचा भाग आहे. पण या हकीकतीत आपल्या कामाचं बरंच आहे. पहिलं असं, की तथागतांनी टीका करायची घाई केली नाही. समोरचा माणूस पोटासाठी लोकांना हसवतो आहे, हे ओळखून ते दोनदा थांबले. दुसरं, त्यांनी हसण्याला दोष दिला नाही. हसवताना तू लोकांमध्ये काय वाढवतोस, हे विचारलं. आणि तिसरं, तालपुटाचा राग प्रेक्षकांवर निघाला नाही. ज्यांनी हा धंदा चांगला म्हणून त्याच्या गळ्यात घातला, त्यांची लबाडी त्याला कळली.

आणि भगवंत गाण्याबजावण्याच्या विरोधात होते असं कुणी म्हणत असेल तर त्याला पंचशिखाची गोष्ट सांगा. दीघ निकायात ती आहे. पंचशिख गंधर्वानं तथागतांपुढे वीणेवर गाणं म्हटलं, आणि ते गाणं प्रेमाचं होतं बरं का! तथागतांनी त्याला रागावून लावलं नाही. तुझी तार आणि तुझा गळा छान जुळले आहेत, अशी दाद दिली.

म्हणून आमचे उत्तर असे आहे. टीका जरूर करावी, कडक करावी. पण मोजमाप तालपुटाचं लावावं. या कार्यक्रमानं लोभ वाढतो का? द्वेष वाढतो का? मोह, म्हणजे अज्ञान, वाढतं का? या तीन मापांनी आपण टीव्ही मोजून बघू.

आधी द्वेष घ्या. विनोदी कार्यक्रमात नेहमी कुणावर हसतात ते नीट बघा. जाड्या बाईवर, काळ्या माणसावर, तोतऱ्यावर, गावाकडचं बोलणाऱ्यावर. पुरुषाला लुगडं नेसवतात आणि त्याच्या अंगाकडे बघून हसतात. आणि कामवाली बाई? ती एक तर चुगलखोर, नाही तर येडी. आपल्या वस्तीतल्या किती बहिणी सकाळी उठून चार घरची धुणीभांडी करतात? त्याच संध्याकाळी येऊन हा विनोद बघतात. रात्री टीव्हीवर ऐकलेलं टोपणनाव सकाळी शाळेत पोराच्या पाठीला चिकटतं. आपली पिढी ज्या नावांनी हिणवली गेली ती नावं आता चारचौघांत घ्यायला लोक कायद्याला भितात. म्हणून नाव घेत नाहीत, रंगावर आणि बोलीवर हसतात. तथागतांनी राहुलला बजावलं होतं, की थट्टेतसुद्धा खोटं बोलायचं नाही. ‘मस्करी केली’ म्हणून सुटका नाही, हा आपल्या धम्माचा नियम आहे.

दुसरं माप मोहाचं. एका हिंदी वाहिनीवर २०१५ मध्ये ‘नागिन’ नावाची मालिका सुरू झाली आणि माणसाची नागीण होणारी बाई घरोघर पोचली. मराठी मालिकांत नवऱ्याचा जीव दवाखान्यात वाचत नाही, तो व्रतानं वाचतो. डॉक्टर खांदे पाडून उभा आणि बाई देवापुढे दिवा घेऊन उभी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या आपण वर्षातून एकदा म्हणतो, आणि टीव्हीपुढे वर्षातून तीनशे दिवस त्यांची उलटी उजळणी करतो. जाहिरातीत तर गळ्यात घालायचं यंत्र विकतात, घाला आणि संकट टळलंच समजा. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. तो कायदा टीव्हीलाही लागू आहे. एका शिक्षकानं याचिका केली आणि जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं निकाल दिला, की चमत्काराचा दावा करून अशी यंत्रं विकणाऱ्या जाहिराती बेकायदेशीर आहेत. एक शाळामास्तर टीव्ही बघतो, त्याला चीड येते, आणि तो टीव्ही न फोडता कोर्टात जातो. बंधूंनो, टीका अशी करायची असते.

तिसरं माप लोभाचं. इथे आम्ही आमचा गिरणीतला हिशेब सांगतो. केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांत तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटं जाहिरातीची मर्यादा घातली. म्हणजे तासाचा पाचवा भाग. रोज दोन तास टीव्ही बघणारा माणूस वर्षाला ७३० तास बघतो. त्याचा पाचवा भाग १४६ तास. आठ तासांची एक पाळी धरली तर अठरा पाळ्या होतात. अठरा पाळ्या आपण जाहिरातदाराच्या खात्यावर भरतो, त्याही बिनपगारी! गिरणीत अर्धी पाळी कापली तर आपण युनियनकडे धावतो. इथे अठरा पाळ्या जातात आणि वर पोरगी सांगते, मला गोरं व्हायचं क्रीम पाहिजे.

यावर वाहिनीवाले म्हणतात, लोकांना हेच पाहिजे, आम्ही काय करणार? कुठल्या लोकांना? किती जण बघतात हे मोजायला घरात मीटर बसवतात. २०२० च्या सुमारास देशात टीव्ही असलेली घरं साधारण २१ कोटी आणि मीटर होते ४४ हजार घरांत. म्हणजे पावणेपाच हजार घरांमागे एक. आपल्या सगळ्या वस्तीच्या वतीनं एखादंच घर बोलणार, आणि तेही बहुतेक आपल्या वस्तीतलं नाही. आणि दुकानात फक्त शिळी भाजी ठेवायची, लोकांनी ती घेतली की म्हणायचं, लोकांना शिळंच आवडतं, हा कुठला न्याय?

लोकांना चांगलं दिलं तर ते बघतात, याला दाखला आहे. दूरदर्शनवर ७ जुलै १९८४ रोजी ‘हम लोग’ सुरू झाली. साध्या घरातली माणसं, पैशाची ओढाताण, दारू पिणारा बाप. शेवटी अशोककुमार येऊन दोन शब्द बोलायचे. अख्खा देश ती मालिका बघत होता. १९८६ मध्ये ‘नुक्कड’ आली. त्यात कोण होते? वायरमन, सायकल दुरुस्त करणारा, न्हावी, भिकारी. चौकात बसून हसणारी, भांडणारी माणसं. त्यातही विनोद होता, पण तो त्या माणसांवर नव्हता, त्यांचाच होता.

नंतर मालिकेतलं घर मोठं होत गेलं. आज मालिकेतली बाई झोपतानाही दागिने घालते आणि घरातला पुरुष नेमकं काय काम करतो ते वर्षभर कळत नाही. सफाई कामगार, नर्स, गिरणीतला माणूस त्या घरात शिरतो तो फक्त निरोप सांगायला. आडनावं ठराविक. भिंतीवर बुद्धाची मूर्ती दिसलीच तर शोभेची वस्तू म्हणून, बाबासाहेबांचा फोटो शोधून सापडत नाही. आमच्या मते हलकेपणाचा हा सगळ्यात मोठा पुरावा आहे. एका अख्ख्या समाजाला दिसूच द्यायचं नाही, हे कुठल्याही अचकट विचकट विनोदापेक्षा हलकं काम आहे.

आणि जेव्हा दिसू दिलं तेव्हा काय झालं? मे २०१९ मध्ये बाबासाहेबांच्या जीवनावर मराठीत मालिका सुरू झाली, डिसेंबर २०१९ मध्ये हिंदीत. त्यांतही चुका होत्या, नाटकीपणा होता, अभ्यासक माणसांनी तो दाखवला. पण आपल्या घरात आजी आणि नातू शेजारी बसून भीमाचं बालपण बघत होते. २०२० मध्ये हिंदी मालिका कन्नडमध्ये दाखवायला लागले तेव्हा वाहिनीच्या अधिकाऱ्याला धमक्या आल्या. तर कर्नाटकात गावोगाव लोकांनी मालिकेच्या पाठिंब्याचे फलक लावले. ज्या लोकांना ‘हलकं बघणारे’ म्हणतात, तेच हे लोक.

आता ठराव आणणाऱ्या आमच्या तरुण मित्रांना थोडं बोलतो, राग मानू नका. तुम्ही ‘बायकांच्या मालिका’ असा शब्द वापरला. पुरुष काय बघतात? रात्री नऊला बातम्यांच्या नावाखाली सहा माणसं एकमेकांवर ओरडतात ते. तालपुटाचं माप तिथे लावा, द्वेषाचा काटा सगळ्यात वर जाईल. आणि मोबाईल? त्यावर तर रात्री एक वाजेपर्यंत आपली तरुण मंडळी अंगठा सरकवत असतात. सात ते नऊ बंद कुणाला करणार? ज्या माऊलीनं दिवसभर दुसऱ्याचं घर पुसलं आणि घरी येऊन स्वयंपाक केला, तिला दंड लावून विहारात आणणार का? दंडाच्या भीतीनं आलेला माणूस धम्म ऐकत नाही, घड्याळ बघतो. तथागतांनी कुणाला दंड लावून उपासक केलेलं आम्ही तरी वाचलेलं नाही. गावकीचा दंड भरून आपले आजे-पणजे थकले. विहाराच्या नावानं तो परत नको.

मग करायचं काय? आमच्या चार सूचना आहेत.

एक. दंडाचा ठराव मागे घ्यावा. त्याऐवजी वर्षावासाच्या तीन महिन्यांत वाचनाचा पाऊण तास घरोघर टीव्हीचा आवाज बंद ठेवावा, आपखुशीनं. मात्र वाचनाची वेळ कामावरून येणाऱ्या बहिणींना विचारून ठरवावी. आणि वाचणाऱ्यानं ग्रंथ हजेरीपट वाचल्यासारखा वाचू नये. अंगुलिमालाचं प्रकरण, किसा गोतमीचं प्रकरण रंगवून सांगितलं तर कुठल्या मालिकेला हार जाईल?

दोन. महिन्यातून एका रविवारी विहारात सगळ्यांनी मिळून एक कार्यक्रम बघावा. कुठलाही, पोरांना आवडेल तो. आणि मग पोरांनाच विचारावं, हसलो ते कुणावर? यात खोटं काय होतं? आपल्याला काय विकलं? आपल्यासारखं कोण दिसलं? या चार प्रश्नांची सवय ज्या पोराला लागली त्याच्या हातात खुशाल रिमोट द्या, मोबाईलही द्या.

तीन. तक्रार लिहायला शिकावं. जून २०२१ मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत दुरुस्ती झाली. प्रेक्षकानं वाहिनीकडे तक्रार केली तर वाहिनीनं १५ दिवसांत तिचा निकाल लावून कळवायचं, असा त्यात नियम आहे. समाधान झालं नाही तर पुढे दाद मागता येते. कार्यक्रमाचं नाव, तारीख, वेळ आणि नेमकं काय दाखवलं ते लिहायचं. एका घरानं लिहिलं तर पत्र होतं, दोनशे घरांनी लिहिलं तर चळवळ होते. आपल्यातली शिकलेली मुलं मसुदा करून देतील.

चार. स्वतःचा मंच पाहिजे. वामनदादा कर्डकांनी उभ्या आयुष्यात हजारो गाणी केली, तेव्हा त्यांच्या मागे कुठली वाहिनी होती? १४ एप्रिलला भाड्यानं मोठे भोंगे आणण्यावर जो खर्च होतो, त्यातला काही भाग वस्तीतल्या पोरापोरींच्या जलशाला द्यावा. विनोद करा, सोंगं काढा, आमच्यासारख्या म्हाताऱ्या भाषणबाजांचीही काढा. फक्त दुबळ्यावर हसायचं नाही, एवढंच एक पथ्य पाळा.

बंधूंनो आणि भगिनींनो, हसणं ही गरिबाची गरज आहे. पाळी संपल्यावर ज्या माणसाला हसू येत नाही तो दुसऱ्या दिवशी कामावर उभा राहू शकत नाही, लढायला तर नाहीच नाही. म्हणून आपली टीका हसण्यावर नाही. आपल्याच घरात बसवून, आपल्याच विजेवर, आपल्यालाच आपल्या माणसांवर हसायला लावतात, त्यावर आपली टीका आहे. ती करायचा अधिकार आपल्याइतका कुणाला नाही, कारण हलकं म्हणवून घेणं काय असतं ते आपण पिढ्यानपिढ्या भोगलं आहे.

सूचना कार्यकारिणीपुढे ठेवतो. येत्या आषाढी पौर्णिमेच्या आत त्यांवर निर्णय व्हावा आणि निर्णयाच्या सभेला बहिणींची संख्या निम्मी असावी, एवढी विनंती करून आमचे बोलणे संपवतो.

नमो बुद्धाय! जयभीम!